फाटणाऱ्या आवाजाचा पहिला टप्पा : हाय-गेन गिटारसाठी रॅक प्रीअँप निवडताना

अखंड हरिनाम सप्ताहाच्या मंडपात एका कडेला ठेवलेला आहुजाचा अँप्लिफायर हिंगोली जिल्ह्यात कुणाला नवा नाही. पुढच्या पाटीवर माइकची बटणं, ऑक्स, बास, ट्रेबल आणि मास्टर ओळीनं मांडलेले असतात. मागच्या बाजूला उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे पंख आणि भोंग्यांच्या तारा आवळायचे स्क्रू असतात. पेटी एकच, पण आत दोन वेगळी यंत्रं राहतात. पुढची बटणं ज्याची आहेत तो प्रीअँप. माइककडून आलेला काही मिलिव्होल्टचा संदेश तो व्होल्टच्या पातळीवर आणतो आणि त्याचा स्वर घडवतो. मागचे पंख ज्याच्यासाठी आहेत तो पॉवर अँप. घडलेल्या स्वरामागे तो ताकद उभी करतो.

मंडपवाल्याचं सगळं कसब या दोघांना सांभाळण्यात असतं. बुवांचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, पण आवाज फाटता कामा नये. मेटल वाजवणारा गिटारवादक याच्या बरोब्बर उलट मागणी घेऊन येतो. त्याला आवाज फाटायलाच हवा असतो, मात्र तो कुठे, किती आणि कोणत्या क्रमानं फाटावा याबाबत तो भलताच काटेकोर असतो. हाय-गेन म्हणतात ते हेच. हे काम करणारा प्रीअँप पॉवर अँपपासून वेगळा काढून १९ इंच रुंदीच्या लोखंडी चौकटीत बसवला की तो रॅक प्रीअँप होतो. चौकटीची रुंदी ठरलेली असते आणि उंची ‘यू’ मध्ये मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. टेलिफोन एक्स्चेंज, रेडिओ स्टेशन आणि प्रयोगशाळांमध्ये रुळलेलं हे माप १९८० च्या दशकात गिटारवाल्यांनी उचललं.

रॅक आला कुठून

तोवर गिटारचा अँप म्हणजे एक जड डोकं आणि त्याखाली स्पीकरची पेटी, एवढंच असायचं. स्टुडिओत मात्र एका गाण्यात चार प्रकारचे आवाज लागू लागले आणि ते मंचावरही हवे झाले. बोस्टन या बँडचा टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेला आणि पोलरॉइड कंपनीत काम केलेला इंजिनीअर होता. त्यानं १९८२ मध्ये रॉकमन नावाची छोटी पेटी काढली. हेडफोनवर थेट ऐकता येईल असा फाटका गिटारस्वर त्यातून मिळायचा. डेफ लेपर्डच्या १९८७ च्या ‘हिस्टेरिया’ या अल्बममधल्या गिटारींवर तिचा ठसा आहे. १९८३ मध्ये मिडी आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना हुकूम देऊ शकतील अशी ही भाषा होती. १९८७ मध्ये एडीए कंपनीनं एमपी-१ हा व्हॉल्व्हचा प्रीअँप बाजारात आणला. पायाखालचं बटण दाबलं की त्याचे सगळे सेटिंग एका क्षणात बदलत. पुढे मेसा-बूगीचा ट्रायअ‍ॅक्सिस, मार्शलचा जेएमपी-१, सोल्डानोचा एक्स-८८आर, बोग्नरचा फिश, एंगलचा ई-५३० अशी रांग लागली.

महाराष्ट्रात रॉक आणि मेटलचं ठाणं मुंबई. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरत असे. आसपास रुग्णालयं आणि महाविद्यालय असल्यानं ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि तिथले जाहीर कार्यक्रम बंद पडले. मेटल मात्र थांबलं नाही. डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड २००० मध्ये आणि भयानक मौत हा २००३ मध्ये मुंबईतच उभा राहिला. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडननं आपला जागतिक दौरा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. या बँडच्या गिटारवादकांच्या रॅकमध्ये वर्षानुवर्षं मार्शलचा जेएमपी-१ होता. एक यू उंचीची ही पेटी मराठी मेटलवेड्यांच्या स्वप्नात आली ती बहुधा असल्याच मंचांवरून.

३०० व्होल्टची भिंत

आवाज फाटतो म्हणजे नेमकं काय होतं, हे एका हिशेबात कळतं. हंबकर पिकअपची गिटार जोरात छेडली की सुमारे २०० मिलिव्होल्ट बाहेर पडतात असं धरू. बहुतेक गिटार प्रीअँपमध्ये १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह असतो. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. त्याचा सैद्धांतिक वर्धनांक १०० असला तरी प्रत्यक्ष मंडलात एक टप्पा साधारण ५० पट वाढ देतो. पहिल्या टप्प्यानंतर २०० मिलिव्होल्टचे १० व्होल्ट झाले. दुसऱ्यात पुन्हा ५० पट केले तर ५०० व्होल्ट व्हायला हवेत. पण व्हॉल्व्हला मिळणारा पुरवठाच सुमारे ३०० व्होल्टचा असतो. पुरवठ्यापेक्षा मोठी लाट तो काढणार कुठून? लाटेचे शेंडे वर आणि खाली कापले जातात. कापलेल्या लाटेत मूळ सुरात नसलेले वरचे स्वरांश जन्माला येतात आणि कान त्यालाच फाटणं म्हणतो.

या कापणीचे प्रकार असतात. व्हॉल्व्हच्या कॅथोडला जोडलेला रोधक सहसा दीड-दोन हजार ओहमचा असतो. मार्शलच्या २२०३ या अँपमध्ये एका टप्प्याला तो मुद्दाम १० हजार ओहमचा ठेवला आहे. सोल्डानोनं तो ३९ हजारांवर नेला. त्यामुळे तो व्हॉल्व्ह जेमतेम चालू असतो आणि लाटेची एक बाजू दुसरीच्या बरीच आधी कापली जाते. मार्शलचा खरखरीत आणि सोल्डानोचा दाट, ताणलेला आवाज यांत जो फरक ऐकू येतो, त्याचा बराचसा भाग या एका रोधकापाशी सापडतो.

म्हणून जाहिरातीतला ‘किती व्हॉल्व्ह’ हा आकडा फारसा उपयोगी नाही. ट्रायअ‍ॅक्सिसमध्ये पाच आहेत, जेएमपी-१ मध्ये दोन. जेएमपी-१ मध्ये व्हॉल्व्हच्या जोडीला ऑप-अँप चिपही काम करतात, आणि तरी तो कमअस्सल ठरत नाही. टेक-२१ कंपनीच्या सॅन्सअँप पीएसए-१ मध्ये एकही व्हॉल्व्ह नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये तो लोकांनी भरपूर वापरला. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: फाटण्याआधी काय कापलं जातं आणि फाटल्यावर काय?

आधी काय, नंतर काय

गिटारची जाड तार म्हणजे ८२ हर्ट्झचा सूर. सात तारांच्या गिटारीवर खालचा ‘बी’ ६२ हर्ट्झच्या आसपास येतो. हे खर्जाचे सूर ताकदवान असतात. ते तसेच फाटणाऱ्या टप्प्यात सोडले तर तेच सगळी जागा खातात आणि तळहातानं तार दाबून वाजवलेला पाम म्यूट ठसठशीत न वाजता बदबदतो. उपाय एकच, फाटण्याआधी खर्ज छाटायचा आणि फाटून झाल्यावर हवा तेवढा परत घालायचा. मेटलवाले हाय-गेन अँपच्या आधी आयबनेझची ट्यूब स्क्रीमर ही हिरवी पेडल लावतात, तेही गेन वाढवण्यासाठी नव्हे. तिच्या आतलं मंडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी उचलतं, तेवढ्यासाठीच ती हवी असते. वसमतच्या हळदीला आधी शिजवून, मग वाळवून, मग पॉलिश करतात आणि तो क्रम उलटा चालत नाही. हाय-गेनमध्येही क्रमाला तेवढंच महत्त्व आहे.

या क्रमावरून प्रीअँपची घराणी पडतात. मार्शल आणि सोल्डानो घराण्यात बास, मिडल, ट्रेबलची बटणं फाटण्याच्या टप्प्यांनंतर येतात. ती फिरवली की स्वराचा रंग बदलतो, फाटण्याची जात फारशी बदलत नाही. नवख्याला हे सोपं पडतं. मेसा-बूगीच्या मार्क घराण्यात ही बटणं फाटण्याआधी येतात. तिथे बासचं बटण म्हणजे किती खर्ज फाटू द्यायचा याचा नळ असतो. ट्रायअ‍ॅक्सिस याच घराण्यातला. त्याचे आठ मोड मेसाच्या वेगवेगळ्या काळातल्या अँपची आठवण करून देतात. लीडच्या मोडमध्ये बास अर्ध्यावर नेला की सगळं लिबलिबीत होतं. मग लोक म्हणतात, पेटी खराब आहे. खरं तर बास जवळजवळ बंद ठेवून डायनॅमिक व्हॉइस या नंतरच्या बटणानं खर्ज आणि झळाळी परत आणायची असते. मेटलिकाच्या १९९० च्या दशकातल्या रॅकमध्ये ट्रायअ‍ॅक्सिस होता.

तेव्हा विकत घेण्याआधी पेटी ऐकायची असेल तर एवढं करा. स्वतःची गिटार न्या. गेन दोन-तृतीयांशावर ठेवा. जाड तार पाम म्यूट करून सलग आठ ठोके वाजवा आणि शेवटचा ठोका एकदम थांबवा. ठोका थांबल्यावर आवाजही थांबतो की मागे शेपूट राहतं, हे पाहा. मग गेन तसाच ठेवून गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. चांगल्या प्रीअँपमध्ये स्वर विरळ होतो पण जिवंत राहतो. वाईट असेल तर तो नुसताच मंद आणि चिखलासारखा होतो. दुकानात झपाझप सोलो वाजवून यातलं काहीच कळत नाही.

गोंगाट पहिल्या टप्प्यातच ठरतो

अडीच हजार पट वाढ म्हणजे ६८ डेसिबल. ही वाढ गिटारच्या सुराला मिळते तशीच केबलमध्ये शिरलेल्या गुणगुणीलाही मिळते. तारेत विजेच्या लाइनचा एक-दशांश मिलिव्होल्ट शिरला तर पुढे त्याचा पाव व्होल्ट होतो. स्टुडिओची लाइन पातळी १.२३ व्होल्ट असते, तिच्यासमोर पाव व्होल्ट ठणठणीत ऐकू येतो. शिवाय गिटारचा सूर ३०० व्होल्टच्या भिंतीला टेकून थांबतो, पण गुणगुण लहान असल्यानं ती भिंतीपर्यंत पोचतच नाही. तिला पूर्ण वाढ मिळते. म्हणून हाय-गेन रिगमध्ये वादक थांबला की गोंगाट उसळून वर येतो.

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यात विलक्षण बारकाईनं हाताळला जाणार आहे, गिटारसाठी मात्र नव्हे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. तिच्या अमेरिकेतल्या भावंडांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली लहर ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली होती. म्हणजे गिटारच्या जाड तारांचाच पट्टा. त्या वेळी ४ किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काही हजारांशाएवढा होता. इतका क्षीण संदेश नंतर कितीही वाढवता येतो, पण सुरुवातीलाच त्यात मिसळलेला गोंगाट नंतर वेगळा काढणं फार अवघड असतं. म्हणून जागा निवडताना जमिनीची थरथर कमी असलेली ठिकाणं शोधली गेली आणि त्यातून हिंगोली पुढे आली. अमेरिकेतल्या वेधशाळांच्या नोंदींत तिथल्या विजेचे ६० हर्ट्झचे काटे दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे.

गिटारवाल्याची अडचण हीच, फक्त आकडे जाडेभरडे. ५० हर्ट्झ आणि त्याची दुप्पट १०० हर्ट्झ या दोन्ही गुणगुणी गिटारच्या खर्जाच्या अंगणात बसतात. फिल्टर लावून त्या काढायला गेलात तर सूरही कापला जातो. त्यामुळे त्या आत येऊच द्यायच्या नाहीत, हाच खरा मार्ग. सिंगल कॉइलऐवजी हंबकर पिकअप घ्या. त्यातल्या दोन गुंडाळ्या लाइनची गुणगुण एकमेकींत संपवतात. गिटारपासून प्रीअँपपर्यंतची केबल आखूड आणि चांगल्या शील्डची असू द्या. रॅकमधली सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा, म्हणजे अर्थिंगची वर्तुळं तयार होत नाहीत. गुणगुण गेली नाही म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे पुष्कळ भेटतात. तो उपाय जिवावर बेतू शकतो, त्यामुळे त्याचा विचारही नको. खोलीतला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवे बंद करून पाहा, निम्मी खरखर तिथेच निघते.

उरलेल्या खरखरीसाठी नॉइज गेट लागतो. तोही नीट लावला पाहिजे. गेटनं गिटारचा स्वच्छ सूर पाहून ठरवावं की वादक वाजवतो आहे की थांबला आहे, आणि दार मात्र प्रीअँपनंतर लावावं. म्हणून प्रीअँपला इफेक्ट्स लूप, म्हणजे सूर बाहेर काढून परत आत घेण्याची वाट, आहे का, हे खरेदीच्या यादीत वर असलं पाहिजे.

डीपी, स्टॅबिलायझर आणि १२० व्होल्टची पेटी

मुंबईतल्या वादकाला न पडणारा प्रश्न सेनगाव-कळमनुरीच्या वादकाला आधी पडतो. लाइन नावाला २३० व्होल्टची. गावच्या डीपीवर मोटारी सुरू असल्या की ती १७० वर येते. रात्री भार उतरला की उलट चढतेही. १२एएक्स७ च्या तंतूला ६.३ व्होल्ट लागतात. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या पेटीत लाइन १७० ला आली की तंतूला मिळतात जेमतेम ४.७ व्होल्ट. आवाज मरगळतो. लाइन २७० वर गेली तर तेच ७.४ होतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं.

एडी व्हॅन हेलन आपल्या मार्शलला व्हेरिअ‍ॅक लावून व्होल्टेज मुद्दाम उतरवायचा, ही गोष्ट गिटारवाल्यांत प्रसिद्ध आहे. पण त्याच्या अँपमध्ये मेंदू नव्हता. रॅक प्रीअँपमध्ये मायक्रोप्रोसेसर असतो आणि त्याला नेमके ५ व्होल्ट लागतात. ते पुरवणाऱ्या साध्या रेग्युलेटर चिपला आत सुमारे ७ व्होल्ट मिळाले तरच बाहेर ५ देता येतात. समजा तिथे २३० च्या लाइनवर ९ व्होल्ट पोचत असतील, तर १७० वर ते ६.७ होतात. मग गाणं चालू असताना पेटी आपोआप बंद-चालू होते किंवा प्रीसेट भलताच लागतो. डीपीवरचा भार किती, हे आपल्या हातात नाही. चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर लावणं मात्र आपल्या हातात आहे. मंडपाच्या जनरेटरवर वाजवायचं असेल तर तो हवाच.

दुसरी गोष्ट देशाची. मार्शल ब्रिटिश, एंगल जर्मन. त्यांच्या तिकडच्या पेट्या आपल्या लाइनवर सरळ चालतात. अमेरिकेतून कुणी नातेवाइकांनी आणलेली पेटी बहुधा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते. त्यामुळे पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकीय भार २० टक्क्यांनी वाढतो. बनवणाऱ्यानं हात राखून बनवला असेल तर तो टिकतो, नाहीतर तापतो. मागच्या पाटीवर ‘५०/६०’ असं छापलेलं आहे का, ते आधी वाचा. आणि पेटी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट बराच वेळ दबा धरून असतात.

दुसऱ्या टोकाला काय आहे

प्रीअँपचा आवाज म्हणून आपण जे ऐकतो त्यातला मोठा वाटा स्पीकरचा असतो. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर येऊ देत नाही. फाटलेल्या लाटेतले कर्कश वरचे स्वरांश तिथेच गळून पडतात. तोच प्रीअँप सरळ मंडपाच्या किंवा डीजेच्या सिस्टीमला जोडला की ट्विटरमधून ते सगळे बाहेर पडतात आणि ऐकणारा कानावर हात ठेवतो. विजेवर चालणाऱ्या बुलबुल तरंगावर, म्हणजे आपल्या बँजोवर, वरात गाजवणाऱ्या पार्ट्यांना ही कर्कशता ओळखीची आहे. तिथेही तारांचा आवाज सरळ मोठ्या बॉक्समध्ये जातो.

म्हणून पहिला प्रश्न हा: तुमचा प्रीअँप शेवटी कुठे जोडला जाणार? चार स्पीकरची पेटी आणि मेसाचा २:९० किंवा मार्शलचा ९२०० असा व्हॉल्व्ह पॉवर अँप घेऊन फिरणं हिंगोली-नांदेडच्या रस्त्यावर कितपत परवडतं, हे ज्याचं त्यानं पाहावं. वजनदार काच आणि लोखंड न्यायचं, आणि पोचल्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. बहुतेकांची सोय मंडपाच्या सिस्टीमवरच होणार. मग प्रीअँपला स्पीकरची नक्कल करणारा आउटपुट हवाच. जेएमपी-१ ला तो वेगळा दिलेला आहे, ट्रायअ‍ॅक्सिसला रेकॉर्डिंग आउटपुट आहेत, पीएसए-१ तर त्यासाठीच घडलेला आहे. नसेल तर इम्पल्स रिस्पॉन्स वाजवणारी वेगळी पेटी घ्यावी लागते. तिच्यात खऱ्या स्पीकर-पेटीसमोर माइक ठेवून मोजलेला ठसा साठवलेला असतो.

हा मुद्दा डिजिटल यंत्रांनी कायमचा बदलला. फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स २००६ मध्ये आला. प्रीअँप, पॉवर अँप, स्पीकर, माइक आणि इफेक्ट्स असं सगळं त्यात गणितानं उभं केलेलं असतं. ८ डिसेंबर २०१३ रोजी मेटलिकानं अंटार्क्टिकात वाजवलं, तेव्हा मंचावर गर्जणारे अँप नव्हते. सूर अ‍ॅक्स-एफएक्समधून निघत होता आणि श्रोते तो हेडफोनवर ऐकत होते. व्हॉल्व्हच्या रॅकवर वाढलेल्या बँडनं असं करावं, यातून काळ कुठे गेला हे कळतं.

वापरलेली पेटी घेताना

एमपी-१, जेएमपी-१, ट्रायअ‍ॅक्सिस हे आता वापरलेलेच मिळतात. एमपी-१ तर चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. अशा पेट्यांमध्ये प्रीसेट सांभाळायला एक छोटा सेल असतो. तो संपला की पेटी बंद करताच सगळं विसरते. बदलणं स्वस्त आहे, पण काही पेट्यांत तो सोल्डर केलेला असतो. विकणाऱ्याला एक प्रीसेट साठवायला सांगा, प्लग काढा, चहा होऊ द्या, परत लावा. आठवण राहिली तर सेल ठीक. मग प्रत्येक बटण सावकाश फिरवा आणि खरखर ऐका. पडद्यावरचे सगळे आकडे पेटतात का, पाहा. व्हॉल्व्ह गरम झाल्यावर प्रीअँपच्या डब्यावर हलकी टिचकी मारा. घंटेसारखा आवाज आला तर व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झाला आहे. तो बदलता येतो. एकेकाळी बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्सही असे व्हॉल्व्ह बनवत असे, आज ते बाहेरून मागवावे लागतात. शेवटी मिडी केबल लावून पायातल्या बोर्डावरून प्रीसेट बदलतात का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मिडी चालत नसेल तर रॅक घेण्याचं निम्मं कारणच संपतं.

सौदा ठरवताना एक साधी फूटपट्टी ठेवा. ही पेटी एखाद्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बिघडली तर ती दुरुस्त करणारा माणूस तुमच्यापासून किती तासांवर आहे? हिंगोलीहून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला जाणं हे रात्रभराचं काम आहे.

मग घ्यायचं काय

पैसे मोजक्या हातानं खर्च करायचे असतील तर क्रम असा ठेवा. आधी स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग. मग चांगली केबल आणि हंबकर. मग आवाज कुठून बाहेर पडणार याचा निर्णय. प्रीअँपचं नाव यानंतर. दर आठवड्याला वेगळ्या मंडपात, वेगळ्या सिस्टीमवर आणि जनरेटरच्या विजेवर वाजवणाऱ्यानं डिजिटल मॉडेलर घ्यावा किंवा स्पीकर-नक्कल असलेला बिनव्हॉल्व्हचा प्रीअँप घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. घरी किंवा छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्याला, ज्याच्याकडे विजेची सोय आहे आणि बटणांशी खेळायला वेळ आहे, त्याला जेएमपी-१ चांगला सोबती ठरेल. तो २३० व्होल्टचा मिळतो, त्याची बटणं फाटण्यानंतर येतात आणि मार्शल घराण्याचा स्वर सहज सापडतो. ट्रायअ‍ॅक्सिस अधिक खोल आहे, पण तो फाटण्याआधीची बटणं समजून घ्यायला तयार असलेल्यासाठीच. एमपी-१ प्रेमानं घ्यावा, एकट्या त्याच्यावर कार्यक्रम लावू नये.

आणि ज्याच्याकडे आज फक्त गिटार आणि एक साधा अँप आहे, त्यानं रॅकचा विचार वर्षभर पुढे ढकलावा. गेनचं बटण आत्ता आहे त्याच्या तीन-चतुर्थांशावर आणून उजवा हात सुधारावा. बहुतेक वेळा कमी गेनवर आवाज जास्त जड वाजतो.